करडई संपली तरी महिन्याचं तेल वेळेवर गेलं: एका ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघडच लिहितेय. घाण्याचं तेल, भाजणी, मसाले असं काहीबाही ऑनलाइन विकणारे आमच्यासारखे बरेच जण हल्ली एकच गोष्ट विचारतात. ग्राहकाने महिन्याची ऑर्डर बांधून ठेवलीय आणि त्यातला माल बंद झाला, तर त्या जागी दुसरा माल घालायचा कसा? तोही एकेका ग्राहकाचं पान न उघडता. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते सांगितलं की त्यांचंही काम होईल आणि माझे आभारही मानून होतील.

आमचा पेच करडईचा. करडई रब्बीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. काटेरी पीक, काढणीला मजूर तयार होत नाहीत, त्यापेक्षा हरभरा परवडतो, म्हणून मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पेरा आटत गेला. थंडी सुरू होईतो आमच्याकडचं चांगलं बी संपलेलं असतं. मग नवी करडई येईपर्यंत शेंगतेल द्यायचं, हा घाण्यावरचा जुना रिवाज. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ते तोंडी सांगता येतं. वेबसाइटवर बांधलेल्या ऑर्डरीला कोण सांगणार?

आमचं दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान थाटायच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि महिन्याच्या ऑर्डरी त्याला जोडलेल्या सबस्क्रिप्शन्स प्लगिनवर (प्लगिन म्हणजे पूरक भाग). तुम्ही सगळ्यात आधी समजावलंत की सबस्क्रिप्शन, म्हणजे ही बांधलेली ऑर्डर, दुकानातल्या वस्तूकडे बोट दाखवणारी नुसती खूण नाही. ग्राहकाने ऑर्डर बांधली त्या दिवशीचं नाव, दर, कर, नग हे सगळं तिथे उतरवून घेतलेलं असतं आणि दर महिन्याची ऑर्डर त्यावरूनच तयार होते. म्हणूनच आम्ही दुकानाच्या पानावर करडईपुढे ‘संपले’ लिहिलं तरी बांधलेल्या ऑर्डरी ठरल्या तारखेला निघायच्याच. यात प्लगिनचं काही चुकत नाही. भाव चढले तरी जुन्या ग्राहकाला ठरलेला दर मिळतो तो ह्याच व्यवस्थेमुळे. पण मग माल बदलायचा तर तो प्रत्येक सबस्क्रिप्शनच्या आत शिरूनच बदलायला हवा.

माझ्या मनात आलं होतं, ओळीतलं ‘करडई तेल’ हे नाव खोडून ‘शेंगतेल’ लिहिलं की झालं. तुम्ही बिल उघडून दाखवलंत. जीएसटी दोन्हींवर ५ टक्केच, पण शेंगतेलाचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) १५०८ आणि करडईचा १५१२. नुसतं नाव बदललं तर बिलावर एक तेल, कोडात दुसरं आणि स्टॉकमधून वजा होणार ते भलतंच. म्हणून तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, जुनी ओळ काढते, खऱ्या उत्पादनाची नवी ओळ घालते, बेरीज पुन्हा करते आणि ‘अमुक तारखेला अमुकऐवजी अमुक’ अशी नोंद त्या सबस्क्रिप्शनवर ठेवते. ग्राहकाचा फोन आला की मी ती नोंद वाचून उत्तर देते. सासूबाईंनाही जमतं ते, हे मुद्दाम सांगते.

कशाच्या जागी काय, ही बदलांची यादी मात्र तुम्ही स्क्रिप्टच्या आत ठेवली नाहीत. साधी शीट: जुना एसकेयू (मालाचा दुकानातला कोड), नवा एसकेयू, नगांचं गुणोत्तर, कधीपासून, कधीपर्यंत आणि शेवटी ‘विचारून’ की ‘न विचारता’. गुणोत्तराचा रकाना मला आधी उगाच वाटला होता. मग अर्ध्या लिटरच्या बाटल्या बंद केल्या तेव्हा कळलं. दोन अर्ध्यांची एक लिटरची बाटली होते, पण ज्यांच्याकडे तीन जायच्या त्यांचं काय? दीड बाटली कोणी पाठवत नाही. अशा ओळी स्क्रिप्ट स्वतःच्या अकलेने सोडवत नाही, बाजूला काढून माझ्यापुढे ठेवते. मी फोन करते, ग्राहक बहुधा ‘दोन लिटर पाठवा हो’ म्हणतात.

आता ज्यासाठी मी तुमची खरी ऋणी आहे ते. करडईच्या जागी शेंगतेल घालणं सोपं होतं, अवघड होतं ते परतणं. मार्चमध्ये नवं तेल आलं की उलटा नियम लावायचा, शेंगतेलाच्या जागी करडई. इतकं सरळ वाटत होतं की आमच्यातल्या कोणालाच त्यात काही खोट दिसली नाही. तुम्हीच विचारलंत, ‘आणि जे मुळातच शेंगतेलवाले आहेत त्यांचं काय करणार?’ उलटा नियम त्यांनाही करडईवर नेऊन बसवणार होता! त्यावर तुम्ही प्रत्येक बदललेल्या ओळीच्या पोटात ‘मूळ माल कोणता’ ही दडवलेली खूण ठेवलीत. परतताना स्क्रिप्ट फक्त ती खूण असलेल्या ओळींना हात लावते. मधल्या काळात एखाद्याने आपणहून कळवलं की शेंगतेलच राहू द्या, तर मी खूण पुसते आणि तो कायमचा शेंगतेलाकडचा होतो.

त्याच बैठकीतलं दुसरं म्हणजे साखळीची गोष्ट. यादीत एका ओळीत करडईचं शेंगतेल आणि दुसऱ्या ओळीत शेंगतेलाच्या बाटलीचा डबा असेल, तर स्क्रिप्टच्या एकाच फेरीत करडईवाल्याच्या घरी डबा पोचेल. तुम्ही नियम घातलात: एका फेरीत ऑर्डरीतल्या एका ओळीला एकदाच हात आणि फेरी चुकून दोनदा चालली तरी दुसऱ्यांदा काही बदलता कामा नये. वीज गेली, सर्व्हर मध्येच बसला, तर पुन्हा चालवायला भीती नको म्हणून.

‘विचारून’ हा रकाना तुम्ही हट्टाने घालायला लावलात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते आणि घाण्याचं तेल रिफाइंड नसल्यामुळे त्यात दाण्यातली प्रथिनं थोडीफार उरतात. करडई घेणाऱ्यांत कोणी नेमकं त्यासाठीच घेत असेल, हे आपल्याला कसं कळणार? म्हणून करडई ते शेंग हा बदल आधी व्हॉट्सअ‍ॅपवर होकार आल्याशिवाय होत नाही. होकार नसेल तर त्या महिन्यापुरती ऑर्डर पुढे ढकलली जाते. उलट दिशेला वेगळी अडचण आहे. आपल्याकडे उपवासाला शेंगतेल लागतं. श्रावणात एखाद्याच्या घरी शेंगतेलाऐवजी करडई गेली तर साबुदाणा कशात परतायचा? त्यामुळे मुळातल्या शेंगतेलवाल्यांचं तेल बदलायची ओळच आमच्या यादीत नाही. न विचारता बदल फक्त बाटली, डबा, लेबल असल्या गोष्टींचा. आतलं तेल तेच असेल तेव्हाच.

पैशांचं थोडक्यात लिहिते. ऑटोपेवर, म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून आपोआप होणाऱ्या वसुलीत, रक्कम कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आणि त्या सूचनेत रक्कम असते. सूचना गेल्यावर माल बदलून रक्कम हलवली तर ग्राहक आपल्याकडे संशयाने बघणार, आणि बरोबरच आहे ते. म्हणून स्क्रिप्ट पुढच्या काही दिवसांत येणाऱ्या ऑर्डरी आधीच बघते. बदली माल महाग असेल तर जुनाच दर, स्वस्त असेल तर स्वस्त. ह्यात आमचं चार पैसे नुकसान होतं, यांनी कुरकुर केली, पण तुम्ही ऐकलं नाहीत. बरं झालं.

विराम घेतलेल्यांचाही विचार तुम्हीच केलात. गावाला गेलेलं माणूस परत येऊन ‘सुरू करा’ दाबतं तेव्हा त्याच्या ऑर्डरीत मेलेला माल नको. रद्द केलेल्यांना मात्र हात नाही.

आणि ती कोरडी फेरी! खऱ्या दुकानाला धक्का न लावता साइटच्या नकलेवर स्क्रिप्ट चालवायची, तीही काहीएक न बदलता ‘काय बदललं असतं’ एवढंच छापायला लावून. नकलेवर खऱ्या ग्राहकांचे पैसे कापले जातील की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. साइटचा पत्ता वेगळा दिसला की प्लगिन आपोआप होणारी वसुली थांबवतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. मग फोनवर आपण ती यादी ओळीओळीने वाचली. ‘करडई १ लि. × २, शेंग १ लि. × २, विचारून, होकार आला.’ तुमच्याकडे मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि तुम्ही शांतपणे ‘पुढची’ म्हणत होतात.

एक राहिलंच. वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक कोणी साइटवर आलं तरच हलतं, आणि पहाटे आमच्या दुकानात कोण येणार? तुम्ही सर्व्हरवरचा खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय, लावून दिलात. तेव्हापासून सकाळी घाणा सुरू व्हायच्या आत मेल आलेला असतो: इतके बदलले, इतके विचारायचे, इतके अडले. अडलेले बहुतेक दिवशी शून्य.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि तेल फुकट पाठवलं तर सबस्क्रिप्शन रद्द करीन असा दमही दिलात. ठीक आहे. पण यादीत एक नवी ओळ मी माझ्या अधिकारात घातली आहे: तुमच्या १ लिटरऐवजी २ लिटर, दर जुनाच, न विचारता. सकाळच्या मेलमध्ये ती दिसली तर दुरुस्त करू नका.

आपली,
घाण्यावरच्या ऑनलाइन ऑर्डरी बघणारी