रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगआधी: मीटर रूम आणि पंप वर घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कमिटी मेंबर्स,

काका, नमस्कार. बी विंग, दुसरा मजला, पण लिहितेय जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून. तिन्ही बिल्डरच्या ऑफरच्या पीडीएफ आईने परवा फॉरवर्ड केल्या, त्या रात्री बसून सगळ्या वाचल्या. एसजीएमला (सोसायटीच्या विशेष सभेला) मला येता येणार नाही म्हणून हे पत्र, जमलं तर मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

तिन्ही ऑफरमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर देणार ती एकरकमी रक्कम), भाडं सगळं ठळक अक्षरात आहे. मीटर रूम, पंप आणि जनरेटर कुठे जाणार ते मात्र ड्रॉइंग मोठं करून करून शोधावं लागलं. दोघांनी बेसमेंटमध्ये दाखवलंय आणि तिसऱ्याने तळमजल्याला, गेटच्या बाजूला. काका, मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला राहतो आपण! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी तुम्ही आणि बाबा कमरेएवढ्या पाण्यात मेन स्विच पाडायला उतरला होतात, मी जिन्यात मेणबत्ती धरून उभी होते, बाबांच्या हातात लाकडी पाट होता, त्याने त्यांनी तो खटका खाली ओढला. नंतर चार दिवस लाइट नाही, पंप जळलेला, आजीला खालून बादल्या आणून द्यायचो. तो पाट अजून आमच्याकडे आहे.

आता इथलं सांगते. मी राहते तो हाफेनसिटी भाग म्हणजे आधी जुनं बंदर, धक्के, गोदामं, रेल्वेचे रूळ असं सगळं होतं. कंटेनरची जहाजं आली, काम एल्बे नदीच्या पलीकडे गेलं आणि ही जागा पडून राहायला लागली. 1997 मध्ये तिथल्या महापौरांनी नवीन वस्तीची घोषणा केली, 2000 मध्ये मास्टरप्लॅन पास झाला, 157 हेक्टरचं काम, अजून आमच्या बाजूला क्रेन फिरतायत. म्हणजे रीडेव्हलपमेंटच, फक्त एका बिल्डिंगची नाही, अख्ख्या भागाची.

समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब आहे, तरी नदीला रोज भरती-ओहोटी येते आणि पाणी साडेतीन मीटरच्या आसपास वर-खाली होतं. थंडीत वादळ सुटलं की समुद्राचं पाणी नदीतून शहरात ढकललं जातं. 1962 च्या फेब्रुवारीत एका रात्रीत बांध फुटले आणि हॅम्बुर्गमध्ये 315 माणसं गेली. 1976 मध्ये तर पाणी त्याच्याही वर, समुद्रसपाटीपासून 6.45 मीटरपर्यंत चढलं होतं. आणि हाफेनसिटी शहराच्या मुख्य बांधाच्या बाहेर आहे! सगळ्या भागाभोवती बांध घालायचा तर पहिलं घर उभं राहायच्या आधी तो पूर्ण करावा लागला असता, खर्च प्रचंड, शिवाय नदी दिसलीच नसती. म्हणून त्यांनी जोतंच वर घेतलं. भराव घालून बिल्डिंगा आणि रस्ते समुद्रसपाटीपासून साधारण 8 ते 9 मीटरवर नेले, त्या भरावाच्या पोटात पार्किंग. पाण्याकाठचा फिरायचा रस्ता मात्र मुद्दाम खाली, 4 ते 5.5 मीटरवर ठेवलाय, तिथे पाणी येऊ दे म्हणून. मला सगळ्यात पटलं ते हे. पाण्याला त्यांनी जागा सोडलीय.

गेल्या थंडीत वादळाचा इशारा आला तेव्हा लिफ्टमध्ये नोटीस लागली, अमुक वाजता गॅरेजचं फ्लडगेट बंद होणार, त्यानंतर गाडी बाहेर निघणार नाही. मी खाली बघायला गेले. आमच्या ब्लॉकमधलेच दोघं जण, एक शाळेत शिकवणाऱ्या बाई आणि एक रिटायर्ड गृहस्थ, हातात टॉर्च आणि फडकं घेऊन दाराच्या रबराच्या पट्टीवरून इंच इंच बोट फिरवत होते, कुठे खडा किंवा पान अडकलंय का बघायला, कारण तेवढ्या फटीतूनही पाणी आत येतं. मग जाड स्टीलचं दार सरकवून लावलं आणि वहीत वेळ लिहून सही केली. इथे पुराच्या बंदोबस्तासाठी घरमालकांच्या गटांवरच जबाबदारी असते, आणि ही माणसं ते मनापासून करतात. सकाळी उठून बघितलं तर खालच्या रस्त्यावर पाणी येऊन गेलेलं, पायऱ्यांवर काड्या-कचऱ्याची एक रेघ, आणि आमच्या घरात चहाचं पाणी उकळत होतं, लिफ्ट चालू होती.

आपल्याकडे पाणी वादळाचं नाही, पावसाचं, पण भरती असली की नाल्यातून ते समुद्रात जात नाही आणि तुंबतं, म्हणजे भरतीशी गाठ दोन्हीकडे आहेच. फरक एवढाच की इथे रस्ते पण वर उचलले, पूर आला तरी शहरात जायला वरून पूल ठेवले. आपण एकटेच उंच झालो तर आपल्या कंपाउंडमधलं पाणी मागच्या चाळीत जाईल, तिथे अजून तळमजल्याला लोक राहतात. ते मला अजिबात नको आहे. म्हणून माझं म्हणणं, सगळं कंपाउंड भराव घालून उचलू नका. खाली स्टिल्ट, म्हणजे नुसते खांब आणि मोकळी जागा, ठेवा, पाणी आलं तर येऊ दे आणि जाऊ दे, पण खाली मौल्यवान काही नको. मीटर, पंप, जनरेटर, लिफ्टचं पॅनल सगळं पोडियमला, म्हणजे स्टिल्टच्या वरच्या मजल्यावर, न्या. बेसमेंट नकोच, आणि पार्किंगसाठी करावंच लागलं तर रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि फ्लडगेट करारात लिहून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण 2005 च्या पाण्याच्या खुणेच्या वर यायला हवं. ती खूण ए विंगच्या जिन्याजवळ अजून दिसते, बिल्डिंग पाडायच्या आधी कुणीतरी टेपने मोजून फोटो काढून ठेवा प्लीज.

आणि बिल्डर निवडताना नुसता कॉर्पस बघू नका हो. इथे घरांचे प्लॉट देताना किमतीला 30 टक्के वजन असतं आणि तुम्ही तिथे काय बांधणार त्याला 70. आपण एवढं नाही तरी तिघांकडून एक साधा सेक्शन, म्हणजे बिल्डिंगचा उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग, मागवू शकतो, रस्त्याची लेव्हल, 2005 ची लेव्हल आणि मीटर रूमची लेव्हल एकाच कागदावर. तो आल्याशिवाय मतदान घेऊ नका ही माझी विनंती. कॉर्पस थोडा कमी मिळाला तरी आमच्या फ्लॅटची हरकत नाही, आईशी बोलून लिहितेय.

आई आता 74 ची आहे, गुडघ्यांमुळे लिफ्टशिवाय तिला खाली येता येत नाही. नवीन बिल्डिंगमध्ये आपण बाराव्या-पंधराव्या मजल्यावर असू. तिथे लाइट गेली आणि पंप बुडाला तर तिच्यापर्यंत बादली कोण नेणार काका?

पीएमसीच्या (सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट सल्लागाराच्या) इंजिनियरना माझा नंबर द्या, इथले फोटो आणि गेटचं मोजमाप पाठवते. मीटिंगची झूम लिंक मिळाली तर इथे सकाळ असली तरी जॉइन होईन.

आपली,
बी विंग, दुसरा मजला