सांताक्रूझचे ९४४ आणि कुलाब्याचे ७३

परळ, मुंबई

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू "बघते मग" म्हणून मध्येच थांबलीस, त्यामुळे राहिलेले लिहून पाठवतो. हवामान बदलाच्या वार्तांकनाची कायम नोकरी मिळते आहे तर बँड सोडून द्यावा काय, असा तुझा प्रश्न होता, आणि माझ्याकडून 'हो' हेच उत्तर येणार असे तू धरून चालली होतीस. त्यात तुझी चूक नाही. बेस गिटार घरी आणलीस तेव्हा "हे धूड कुठे ठेवणार?" असे विचारणारा मीच होतो. तरीही माझे उत्तर 'नाही, सोडू नकोस' असे आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती सांगायची तर तुमच्या पावसाच्या गाण्यापासून सुरुवात करावी लागेल.

लोअर परळच्या त्या कार्यक्रमाला मी आलो होतो, हे तुला आईकडून कळलेच असेल. कानात कापूस घालून मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. गाणे दोन मिनिटांत आटोपले. (तुमच्या पंक संगीताच्या पंथाची ती रीतच दिसते, न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडच्या १९७६ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतली १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात, हे मी तुझ्यामुळेच शोधून काढले.) तू माइकला ओठ टेकवून "नऊशे चव्वेचाळीस!" असे ओरडत होतीस, आणि ज्यांच्यातली निम्मी २६ जुलै २००५ रोजी शाळेतही जात नसतील अशी समोरची पोरे तोच आकडा तुझ्याकडे परत फेकत होती. माझ्या अंगावर काटा आला. तो आकडा मुद्रितशोधकाच्या टेबलावर आला तेव्हा मी तो दोनदा मूळ कागदाशी ताडून पाहिला होता. कोणाच्या हातून एखादा अंक जास्त पडला असेल, असेच मला वाटले होते.

पण मनू, तो आकडा सांताक्रूझचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. शहर एक, दिवस एक आणि हा एवढा फरक. तुमच्या गाण्यात कुलाबा नाही, आणि नसावाच. तो घातला तर ते गाणे उरणार नाही, परिपत्रक होईल. मात्र मागच्या पावसाळ्यात तू लिहिलेल्या लेखात "मुंबईत ९४४ मिलिमीटर" एवढेच छापून आले, सांताक्रूझ कुठेच नव्हते, आणि ती ओळ वाचताना मला तुझी बेस गिटार ऐकू आली. माझी हरकत एवढीच आहे.

याच लेखात दुसरेही एक घाईचे वाक्य होते. तापमान एका अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते, हे तू नेमके लिहिलेस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तेही तू दिलेस. पण तिथून एका उडीत "म्हणून मुंबई बुडाली" असे म्हणताना मिठी नदीचे आवळलेले पात्र, जुनी गटारे, भराव घातलेली जमीन आणि समुद्राची भरती या सगळ्यांना तू वगळलेस. आकाशातून किती पडले आणि पडलेले का वाहून गेले नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. गाण्यात दोषी एकच असतो. बातमीत तसा एकच सापडला, तर कोणाला तरी फोन करायचा राहिला आहे असे समजावे.

तू म्हणशील, बाबा, आपल्याच परळ-लालबागमध्ये शाहीर गाणे आणि बातमी हे दोन्ही करत होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक काढले, आणि गिरणी कामगाराला आपली हकीकत डफावरच ऐकायला मिळे. खरे आहे. पण त्यांच्या पथकाच्या नावातच बावटा होता. ऐकणाऱ्याला पक्ष आधीच ठाऊक असे. तुझ्या बातमीवर बावटा नसतो, आणि ज्याला तुझे म्हणणे पटत नाही तोही ती वाचतो.

तेव्हा अट अशी. ज्या विषयावर तू सध्या बातम्या देते आहेस, त्या विषयाच्या आंदोलनाच्या मंचावर तू वाजवायचे नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडायला ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री सुरुवात झाली. उद्या तसेच काही घडले, तर तिथे वही घेऊन जायचे की गिटार, हे घरातून निघतानाच ठरलेले असू दे. आणि बँडविषयी नव्या संपादकांना रुजू होण्यापूर्वीच लेखी कळव. त्यांना ते दुसऱ्याकडून कळले, तर साध्या गोष्टीचीही लपवाछपवी होते.

वेळेचे गणित मला तुझ्याइतके कळत नाही, परंतु अडचण नोव्हेंबरमध्ये येणार हे उघड आहे. तुमचे बरेचसे कार्यक्रम थंडीत, आणि संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषदही बहुधा त्याच महिन्यात. ती ठरल्या दिवशी संपत नाही, हे तर आता सवयीचे झाले आहे. २०२५ मध्ये ती ब्राझीलच्या बेलेमला होती, तिथले घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे, म्हणजे त्यांची दुपार झाली की तुमच्या जॅम रूमची वेळ. ते तीन आठवडे कार्यक्रम घेऊच नका, आणि हे ड्रम वाजवणाऱ्या मुलाला दिवाळीपूर्वी सांग, आदल्या दिवशी नको.

आणखी एक, कानांचे. कामगारांच्या सुरक्षितता-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. कार्यक्रमात तू कानांत काहीच घातले नव्हते. लोकांचे बोलणे ऐकून घेणे हा ज्याचा धंदा, त्याने कान असे उधळू नयेत.

रात्रपाळी लागली तेव्हा मी भजनी मंडळातला पखवाज सोडला. त्याने काही बिघडले नाही असे मी सगळ्यांना सांगत आलो, आणि तुझ्या आईने आजवर एकदाही मान डोलावलेली नाही. पखवाज अजून माळ्यावर आहे. त्याच्या पुडीवरची शाई कोरडी पडून तडकली आहे.

तुझा,
बाबा

ता. क. : गाण्याचा कागद तू इथे विसरून गेलीस. दुसऱ्या कडव्यात 'पूरात' लिहिले आहेस. मूळ शब्द 'पूर' दीर्घ असला तरी सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, 'पुरात'. ओरडताना कोणाला कळणार नाही, पण कागदावर मी लाल शाईने दुरुस्त करून ठेवले आहे.