युद्धाची बातमी आणि सांगणाऱ्याचे नाव : माहिती व प्रसारणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात बार्देश-सासष्टीतल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, आहे. 2023च्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवले, तेव्हापासून या घरांत परदेशाचे पान आधी उघडले जाते. त्या पानावरची बातमी पुष्कळदा लढणाऱ्यांपैकीच एकाने पुरवलेली असते, आणि ती कुणी पुरवली हे मथळ्यात येत नाही. माझी तक्रार तेवढीच.

गोमंतकीयांनी हा प्रकार पूर्वी भोगला आहे. 1951मध्ये पोर्तुगालने घटना बदलून गोव्याला सागरापलीकडचा आपलाच प्रांत ठरवले आणि जगाला तेच ऐकवले. पुढे डिसेंबर 1961मध्ये आपले सैन्य आत आले, तर पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी बहुतांशी भारतालाच आक्रमक म्हटले. गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी 1955मध्ये झाडलेल्या गोळ्या तोवर त्यांच्या लेखी जुन्या झाल्या होत्या. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवली ती उगीच नव्हे. आपल्या हवाई दलानेही पहिल्याच दिवशी बांबोळीचे नभोवाणी केंद्र उडवले. बातमीची किंमत दोन्ही बाजू ओळखून होत्या.

आता आजची गत पाहा. 17 ऑक्टोबर 2023 रोजी गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पाठोपाठ तिथल्या, हमासच्या अखत्यारीतल्या आरोग्य मंत्रालयाचा दावा आला : इस्रायली हल्ला, पाचशे मृत. इस्रायलने हात झटकले. त्यांच्या मते रॉकेट पॅलेस्टिनी गटाचे होते. पान सोडायची वेळ झालेली, एजन्सीची तार समोर. अशा वेळी उपसंपादकाने करायचे काय? ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या गडगंज दैनिकालासुद्धा त्या दाव्यावर फार विसंबल्याचा खुलासा सहा दिवसांनी छापावा लागला. खुद्द जाऊन पाहावे, तर इस्रायल परदेशी पत्रकारांना गाझात मोकळेपणी फिरू देत नाही. ज्याच्या हाती दरवाजा, त्याच्या हाती निम्मी बातमी.

युक्रेनच्या स्नेक आयलंडवरचे 13 सैनिक वीरमरण पावल्याचे 2022मध्ये जगभर छापून आले. चार दिवसांत ते जिवंत, रशियाच्या कैदेत असल्याचे कळले. रशियात तर सैन्याविषयी सरकारला खोटी वाटणारी बातमी दिली की पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. आणि आपण? मे 2025मध्ये आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख केले होते. बंदर जागेवरच होते.

प्रसार भारतीने मार्च 2024मध्ये ‘पीबी-शब्द’ ही वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना बातम्या पुरवणारी वृत्तसेवा सुरू केली. तिच्यावरून जाणाऱ्या युद्धाच्या प्रत्येक बातमीत, मराठीतल्याही, पहिल्याच ओळीत दावा कुणाचा आणि घटनास्थळी स्वतंत्र वार्ताहर होता की नाही हे लिहिण्याची सक्ती करा. दावा खोटा ठरला तर दुरुस्ती त्याच वाटेने सर्व दैनिकांकडे पाठवा. मात्र या निमित्ताने सरकारची स्वतःची बाजू त्यात मिसळू नका. तो मोह आवरणे अवघड आहे, ठाऊक आहे.

इफ्फी चित्रपट महोत्सवासाठी आपले पणजीला येणे होतेच. एका रात्री दहानंतर इथल्या एखाद्या मराठी दैनिकात डोकावा आणि परदेशाचे पान लावणाऱ्या उपसंपादकाला विचारा, खातरजमेला त्याच्याकडे किती मिनिटे उरतात.

आपला,
म्हापशाचा एक वाचक