कूलर यंदा उशिरा लागला

॥ श्री ॥

नागपूर, ६ एप्रिल

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

रोज फोनवर बोलतो, तरी बाबा पत्र लिहायला बसले म्हणून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. पण तुझा फोन आला की तुझी आई तो स्पीकरवर टाकते, आजी पलंगावरून मध्ये मध्ये विचारत राहते, टिप्या तुझा आवाज ऐकून सोफ्यावर चढतो, आणि माझं बोलणं "बाकी काय, ठीक" एवढ्यावर आटोपतं. शिवाय सांगायचं आहे त्यातलं थोडं तुझ्या आईच्या कानावर जायला नको आहे.

कूलर यंदा उशिरा लागला हे आजीने तुला सांगितलंच. "काऊन वं, तुझ्या बापाले आता माझा कूलरही जड झाला काय?" असं ती तुला म्हणाली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. होळी झाली की आठवड्याच्या आत आपला कूलर खिडकीला लागतो, ही या घराची रीत. यंदा जिन्याखालून तो ओढायला गेलो, मागची ताटी काढली, तर आत मनी. गेल्या वर्षीच्या वाळ्यात घरटं केल्यासारखी बसलेली, आणि पोटाशी चार पिल्लं, डोळे न उघडलेली. ती माझ्यावर फिस्कारली. मी ताटी जशीच्या तशी लावून ठेवली.

तुझ्या आईने तिथेच निकाल दिला, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कूलरला हात लावायचा नाही. मांजराच्या पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात, म्हणून मीही कबूल झालो. पण त्या दहा दिवसांत पारा चाळिशीच्या पुढे गेला. रात्री पंखा गरम हवा खाली ढकलत राहायचा. मी ओली चादर खिडकीला टांगायचो आणि आजी ती वाळली की मला उठवायची. शेवटी मनीनेच माझी सुटका केली. मी रोज डोकावतो हे तिला खपलं नसावं. एका रात्रीत तिने एकेक पिल्लू तोंडात धरून माळ्यावर नेलं. कुठे, तर तुझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांच्या खोक्यात. ती पुस्तकं रद्दीत द्यायची का म्हणून तू विचारलं होतंस. सध्या देता येणार नाहीत.

आता टिप्याचं. फोनवर मी "जरा ताप होता" म्हणालो होतो, ते पूर्ण खरं नव्हतं. त्याने तीन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. पोळी-दूध तर नाहीच, तर्री-पोह्याच्या पुडीकडेही त्याने बघितलं नाही. (हो, रविवारी एक घास देतो. तुझ्या डॉक्टर मैत्रिणीला सांगू नकोस.) मग त्याला ॲक्टिव्हावर पायाशी उभं केलं आणि सकाळी सकाळी शंकरनगर, लॉ कॉलेज चौक, रविनगर करत सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो. सिग्नलला लोक त्याच्याशी बोलत होते. एरवी हा सगळ्यांकडे बघून शेपूट हलवतो, त्या दिवशी हँडलवर हनुवटी ठेवून नुसता उभा.

रक्त तपासलं. गोचिडाचा ताप, प्लेटलेट उतरलेल्या. गोळ्या अठ्ठावीस दिवसांच्या, जेवणासोबत द्यायच्या, एकही चुकवायची नाही. कॅलेंडरवर रोज फुली मारतो आहे. तिथल्या तरुण डॉक्टरणीने जे सांगितलं ते मात्र मला नवीन होतं. म्हणाली, "काका, कुत्र्यावर दिसतात ते थोडे. बाकीचे घरात आहेत, भिंतींच्या भेगांत. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला औषध लावाल आणि भिंत तशीच ठेवाल, तर महिन्याभराने परत याल."

आपल्या घराला आणि भेगा! मागच्या अंगणाची भिंत तू आठव. लहानपणी तू तिच्या भेगेत पत्रं लपवायचीस. १९९६ मध्ये घर बांधलं तेव्हा काळ्या मातीवर पाया उथळ घेतला. पैसे तेवढेच होते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आकसते, तिच्यासोबत भिंत वरखाली होते. पावसाळ्यात स्वयंपाकघराचं दार अडकतं ते नुसतं लाकूड फुगून नव्हे, चौकटही तिरपी होते. मी दर उन्हाळ्यात त्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवत आलो आणि दर दिवाळीला ते सिमेंट पोपडे होऊन खाली पडलेलं झाडत आलो. यंदा मिस्त्री आणला. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, काळी माती हाय. थे उन्हायात उघडते अन् पावसायात मिटते. सिमेंट टणक, थे हालत नाही, म्हणून तुटते." त्याने भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खोदल्या, आतली धूळ ब्रशने काढली आणि रबरासारखा ताणला जाणारा मसाला भरला. खोदताना आतून जे बाहेर पडलं ते लिहीत नाही. तुझी आई त्या दिवशी जेवली नाही.

औषध फवारायचं तर मनी आड आली. कुत्र्यांच्या गोचिडांवर चालणारी काही औषधं, विशेषतः परमेथ्रिनची, मांजराच्या जिवावर उठतात. मनी बाळंतीण, पिल्लं माळ्यावर. म्हणून फवारणी फक्त मागच्या अंगणात, आणि ती वाळेपर्यंत माळ्याचं दार लावून मनी आत कोंडलेली. ती कोंडली म्हणून ओरडते, ती ओरडते म्हणून टिप्या भुंकतो, टिप्या भुंकतो म्हणून आजी ओरडते. त्याच वेळी आजीच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झालेली. मोतीबिंदूनंतरचे थेंब आहेत, दिवसातून चार वेळा, दोन बाटल्या, आणि दोन्हींमध्ये पाच मिनिटांचं अंतर. त्यातच तुझ्या मावशीचा फोन, की लग्नाचा आहेर इतवारीतूनच घ्या, धरमपेठेत महाग पडतो. इतवारीला गेलो. साड्या आणल्या, रंग चुकला, परत गेलो. त्याबद्दल एवढंच.

आता मुख्य गोष्ट.

मनीने कूलर मोकळा केला त्या दिवशी मी तो धुतला. खामल्याच्या कोपऱ्यावर ताट्या विणणारा बसतो, त्याच्याकडून तिन्ही बाजूंना नवा वाळा भरून आणला. टाकीच्या तळाला पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर जमला होता, तो खरवडला. स्टँड गंजू नये म्हणून त्याखाली लाकडी ठोकळे ठेवले. पाणी भरलं, बटण दाबलं. वाळ्याचा वास घरभर पसरला. आजी म्हणाली, "आता कुठं घर वाटलं." मी खूश. नळी गुंडाळायला मागे अंगणात गेलो. अनवाणीच होतो, फरशी ओली. माझ्यापुढे टिप्या गेला, खाली ठिबकणारं पाणी चाटायला. त्याचं नाक स्टँडला लागलं आणि तो असा किंचाळला की मला वाटलं विंचू चावला. शेपूट पोटात घालून थेट तुळशीमागे.

मी स्टँडला हात लावला नाही. ती सवय अजून शिल्लक आहे. घरातून टेस्टर आणला, पत्र्याला टेकवला, पेटला. टेस्टर कधी कधी उगाचही पेटतो, म्हणून होल्डरला दोन वायरी लावून साधा दिवा घेतला, एक वायर पत्र्याला, एक अर्थिंगला. बारीक, लालसर, पण पेटला. पाण्याच्या मोटरचं इन्सुलेशन गेलं होतं आणि करंट पत्र्यात उतरला होता. हे होऊ शकतं, कूलरची ही मोटर पाण्यातच असते. पण म्हणूनच पत्र्याला अर्थिंग असतं, करंट उतरला तरी तो हिरव्या वायरने जमिनीत जातो. मग तो गेला का नाही?

पिन बघायला गेलो. पिन दोनच दांड्यांची. हिरवी वायर मागे दुमडून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप माझी. मी टेपचं टोक तिरपं कापतो, तुला माहीत आहे.

मग आठवलं. गेल्या ऑक्टोबरात, ऊन परतलं होतं तेव्हा, रात्री तीन दांड्यांची टॉप, म्हणजे पिन, वितळली. ड्रॉवरमध्ये दोन दांड्यांचीच सापडली. आजी घामाघूम. आजच्या रात्रीपुरती लावू, उद्या बदलू, असं म्हणून लावली. तो उद्या आलाच नाही. पाच महिन्यांत मी ते पार विसरून गेलो. विसरलो असं वाटलंही नाही, इतकं स्वच्छ विसरलो.

बेटा, मी पस्तीस वर्षं वीज मंडळात काढली. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यातल्या काही घरी मी स्वतः तपासणीला गेलो आहे. बहुतेक ठिकाणी हेच, दोन दांड्यांची पिन, ओली फरशी, अनवाणी पाय. एका घरी तर माझ्यादेखत गेलेल्या बाईच्या सासऱ्याने "रात्रीपुरती लावली होती" असं म्हटलं होतं, आणि मी तेव्हा मनात त्याला शिव्या दिल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरी.

तुझ्या आईला सांगितलं की टिप्याला मुंगळा चावला. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी मोटर बदलली, तीन दांड्यांची टॉप लावली, आणि वीस वर्षांपूर्वी लावायला हवं होतं ते आता लावलं, आरसीसीबी. आपल्या बोर्डावरचे एमसीबी तार वाचवतात, माणूस नाही. ते जास्त लोड किंवा शॉर्ट झाला तरच पडतात. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्यांच्या खिजगणतीत नसतो. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की निमिषात लाईन तोडतो, अर्थिंग नसलं तरी. पुण्याच्या तुझ्या फ्लॅटमध्ये आहे का बघ. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबून लाईन जाते का तेही बघ, आणि मला कळव. भाड्याचं घर आहे म्हणून घरमालकावर सोडू नकोस.

आरसीसीबी बसवल्यावर रोज पहाटे साडेपाचला लाईन जायला लागली, आजीच्या आंघोळीच्या वेळी. तुझी आई म्हणाली, "लावून बसले नवं खूळ." खूळ नव्हतं. गीझरचं एलिमेंट क्षारांनी फुटलं होतं आणि तेही बारीक करंट सोडत होतं. कधीपासून, कोण जाणे. तेही बदललं. आजीला एप्रिलमध्ये कढत पाणी कशाला लागतं हा प्रश्न मी आता विचारत नाही.

हे सगळं लिहायचं कारण सांगतो. तू दिवाळीला येणार म्हणतेस. दिवाळीला येऊ नकोस, असं नाही, पण जमलं तर मे महिन्यात आठ दिवस ये. लाडू खायला नव्हे, मला हाताशी माणूस हवं आहे. दहावीत असताना तू शिडी धरायचीस आणि मी मागायच्या आधी पकड हातात द्यायचीस, तसं. तुझा भाऊ पैसे पाठवतो, माणूस लावा म्हणतो, आणि तो चांगल्या मनानेच म्हणतो. माणूस लावता येतो, बेटा. पण दोन वर्षांपूर्वी कुठली वायर कुठे जोडली, गच्चीचा उतार कोणत्या कोपऱ्याकडे आहे, टिप्याची पुढची लस कधी, आजीची बीपीची गोळी बदलली ती केव्हापासून, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. त्या डोक्यातून एक हिरवी वायर पाच महिने गायब होती. आणखी काय गायब आहे ते मला कळायला मार्ग नाही. तुला बरोबर घेऊन घर एकदा वरपासून खालपर्यंत बघायचं आहे. मी सांगेन, तू वहीत लिही. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. बोर्डावरच्या प्रत्येक स्विचखाली नावं लिहायची आहेत. पाऊस येण्याआधी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा हात द्यायचा आहे आणि मला आता सज्जावर उतरताना गुडघा दगा देतो. हेही तुझ्या आईला सांगितलेलं नाही. बहुधा तिला माहीत असावं, कारण परवापासून शिडी तिच्या खोलीत, कपाटाच्या मागे आहे.

गरीबरथचं बुकिंग आत्ताच कर, मे महिन्यात जागा मिळत नाही. येताना काही आणू नकोस. एक जाड वही मात्र आण, रेघांची, आणि एक पिल्लू न्यायचा विचार करून ये. पांढरं, डाव्या कानावर काळा ठिपका असलेलं. तुझ्या 'स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स'वर तेच झोपतं.

टिप्याच्या गोळ्या १९ तारखेला संपतात. तो आता पोळी खातो. स्टँडजवळ मात्र अजून जात नाही, लांबून वळसा घालून तुळशीकडे जातो.

तुझा,
बाबा