नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

काल रात्री आम्ही सुखरूप घरी पोहोचलो. पुणे ते कन्याकुमारी आणि परत, तीन हजारांवर किलोमीटर झाले आणि इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "आधी त्यांना कळव." फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणून विषय संपवला असता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

बाकीच्यांना सांगायला हवं, आमची गाडी फियाटची अबार्थ पुंटो. विंचवाचं चिन्ह, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती. २०१५ मध्ये ती आली आणि काही वर्षांतच फियाटने इथली विक्री थांबवली. ती बनली रांजणगावच्या कारखान्यात, आणि बाबांच्या नोकरीची शेवटची वर्षं गेली तीही तिथेच. त्यामुळे आमच्या घरात ती बाबांच्या हातची गाडी आहे. बायपास झाल्यावर त्यांनी एकच मागणं केलं होतं, हिच्यातून कन्याकुमारीला जायचं.

निघायच्या आठवडाभर आधी कात्रजच्या चढावर काटा लालकडे सरकला. तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी गेले होते. एकाने बॉनेट नीट उघडायच्या आत सांगितलं, हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवावं लागेल, पाऊण लाख धरून चाला. दुसरा फोनवर बोलता बोलताच म्हणाला, "हिचे पार्ट मिळत नाहीत, काढून टाका." बाबा शेजारी उभे होते. आयुष्यभर त्यांनी ज्या कामाचा अभिमान बाळगला, त्याला हा माणूस भंगार म्हणत होता. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. हे मी विसरणार नाही.

तुम्ही आधी बाबांना खुर्ची दिली. इंजिन गार होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही, चहा सांगितला. मग नळाखाली हात धरलात, मनगटाला साबण लावला आणि ते स्टीलचं कडं पिळून पिळून काढलंत. किती वर्षांचं असेल कोण जाणे, खाली पांढरा वळ उमटला होता. कडं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलंत, मडगार्डवर धुतलेली चादर टाकलीत आणि मगच वाकलात. बाबांनी विचारलं, एवढं कशाला? तुम्ही म्हणालात, "ओरखडा पडला तर तो तुम्हाला रोज दिसणार, मला नाही दिसणार."

काका, एवढंच. पण त्या क्षणी बाबांचा चेहरा सैल झाला.

आजार निघाला तो कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीच्या झाकणाचा. ते दाब धरत नव्हतं. दाब नसला की कूलंट लवकर उकळतं, हे तुम्ही बाबांना असं समजावलंत की जणू दोन कारागीर बोलत बसलेत. झाकण, कूलंट आणि मजुरी मिळून दोन हजारही झाले नाहीत. तुम्हाला पाऊण लाख सांगता आले असते आणि मी दिलेही असते, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं. समोरच्याला कळत नाही हे दिसत असूनही खरं सांगणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. तुमच्या गॅरेजवर साधी पाटीसुद्धा धड नाही.

निघताना तुम्ही बजावलं होतं, हायवेवर पळवल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, नाहीतर टर्बोतलं तेल जळतं. ते काम बाबांनी अंगावर घेतलं. बंगळूर, सेलम, मदुराई, जिथे थांबू तिथे साठपर्यंत आकडे मोजायचे आणि मगच मला किल्ली फिरवू द्यायचे. तिरुनेलवेलीनंतर पवनचक्क्या लागल्या तेव्हा लहान मुलासारखे खिडकीला चिकटून होते. कन्याकुमारीला समोर विवेकानंदांचं स्मारक दिसायला लागलं, माझे डोळे भरून आले, आणि हे शेजारी आपले मोजतायत, "एकोणचाळीस, चाळीस..."

येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. गाडीचं काही काम नाही. बाबांना तुमच्याकडे बसायचंय.

तुमची,
विंचूवाल्या गाडीतली मुलगी