गर्दीतले मासे

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, मागे पोरांचा गोंधळ आणि त्यात रेंज जात-येत होती, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवते. बाबा, तुम्ही विचारलंत ना, एवढ्या गर्दीच्या पार्कात, तेही भर उन्हाळ्यात, ट्राउट कसले मिळतायत, पोरांच्या आरडाओरड्यानेच पळून जातील. गर्दी होतीच हो, तंबूला तंबू लागून, आणि तळ्याच्या काठावर तर पाय ठेवायला जागा नाही. पण खरी अडचण गर्दी नव्हतीच, ऊन होतं.

ट्राउट म्हणजे थंड पाण्यातला मासा. पाणी १० ते १६ डिग्री असलं की स्वारी खूश, खाते पिते, आमिषामागे धावते. २० च्या वर गेलं की खाण्यावरची वासनाच उडते. कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, १० डिग्रीला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो तो २० ला ९ वर येतो, आणि नेमकी तेव्हाच माशाला जास्त हवा लागत असते. मग तो सरळ खोल पाण्यात जातो, कारण उन्हाळ्यात गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि थंड पाणी खाली. किंवा मग जिथे ओढा तळ्यात येऊन मिळतो तिथे, झाडांच्या सावलीत जाऊन थांबतो. त्यामुळे दुपारी काठावर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी नुसती बसूनच असतात, हातात रॉड आणि डोक्यावर ऊन.

उपाय एकच, पहाटे उठायचं. सूर्य उगवायच्या सुमाराला पाणी सगळ्यात थंड असतं आणि अख्खा कॅम्प घोरत असतो, म्हणजे गर्दी आणि ऊन दोन्हीचा बंदोबस्त एकाच अलार्ममध्ये. मनूला उठवणं हे मासा पकडण्यापेक्षा अवघड काम होतं ते सोडा. तंबूची चेन हळूच उघडून, टॉर्च खाली धरून आम्ही दोघी पार्किंगपासून लांब, ओढा जिथे मिळतो तिकडे चालत गेलो. गर्दीच्या जागी बहुतेक लोक गाडीपासून फार लांब जायला तयारच नसतात, थोडं चाललं तरी किनारा आपलाच.

आणि बाबा, आरडाओरड्याचं म्हणाल तर आपलं बोलणं माशाला फारसं ऐकूच जात नाही, हवेतला आवाज पाण्यावर आपटून बराचसा परत फिरतो. पण धपधप पाय आपटले की काठाची जमीन हादरते आणि ते त्याला लगेच कळतं, त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल टिपणारी एक रेघच असते. सावलीलाही घाबरतो. वाहत्या पाण्यात त्याचं तोंड कायम प्रवाहाकडे असतं, म्हणून आपण खालच्या अंगाने, मागून जायचं, वाकून. मनूला हे सांगितल्यावर ती एवढी वाकून चालायला लागली की मला हसू आवरेना.

गळाला छोटा चकचकीत स्पिनर लावला होता, म्हणजे ओढलं की गरगर फिरणारं धातूचं पातं असलेलं खोटं आमिष, तो प्रवाहाच्या वर तिरका टाकायचा आणि प्रवाहापेक्षा जरा जोरात गुंडाळत आणायचा. पहिल्या माशाने हातावर तुरी दिल्या. पुढचा लागला तेव्हा रॉड अशी वाकली की मनू किंचाळलीच, आणि जाळीत आला तो रेनबो ट्राउट, वीतभर असेल, पाठीवर शेपटीपर्यंत काळे ठिपके, कुशीवरून गुलाबी पट्टा, आणि ओल्या अंगावर उजेड पडला की पट्ट्याच्या कडेला हिरवट झाक दिसायची.

आई, तू म्हणालीस ना, त्या मुक्या जिवाला कशाला छळता. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण पकडलेला मासा आम्ही परत सोडतो, आणि निदान त्रास कमी व्हावा एवढं बघतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला असतो, म्हणजे तोंडातून चटकन निघतो. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. कल्ल्यांना बोट लावायचं नाही, शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही. मनूने दोन्ही ओले हात खाली धरून त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, तो जरा दम खाऊन सुटला तो दिसलाच नाही. ऊन वर आल्यावर मात्र आम्ही गाशा गुंडाळला, कारण कोमट पाण्यात दमलेला मासा सोडला तरी नंतर मरतो बऱ्याचदा. कडक उन्हाळ्यात काही ठिकाणी दुपारनंतर मासेमारीच बंद ठेवतात ती यासाठीच. तेव्हा थर्मामीटर बुडवून २० च्या जवळ दिसलं की मी तरी रॉड आवरते.

शेजारच्या तंबूतले आजोबा मात्र धक्क्यावर बसून, डबीतल्या पेस्टचं आमिष लावून आरामात मासे काढत होते. ते हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करतात तिथे, वाढवून तळ्यात सोडलेले मासे, कॅम्पिंगला येणाऱ्यांसाठीच सोडतात ते, धक्क्याच्या आसपासच राहतात आणि नवीन असेपर्यंत काहीही खातात. काही जण याला नाक मुरडतात, मला नाही त्यात काही वावगं वाटत, लहान मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. फक्त पेस्ट मासा आतपर्यंत गिळतो, मग गळ ओढायचा नाही, सोडायचा असेल तर दोरीच कापायची. लायसन्स आणि किती मासे ठेवायचे ते नियम गेटवरच वाचून घ्यायचे, वाद नको.

आता मुद्द्याचं. पुढच्या वेळी तुम्ही दोघं यायचंच. बाबा, तुम्ही तसेही पहाटे चारला उठून बसता आणि आम्हाला उठवता, त्याचा काहीतरी उपयोग तरी होईल. धक्क्यापर्यंत सपाट रस्ता आहे, कठड्याला टेकून बसता येतं, गुडघ्यांची काळजी नको. आई, तुला गळाला हात लावायचा नसेल तर लावू नकोस, मनूवर लक्ष ठेव, ती काठावर फार पुढे जाते आणि लाइफ जॅकेट घालायला माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. जमिनीवर झोपणं जमणार नसेल तर मी केबिन बघते, पण उन्हाळ्याचं बुकिंग फार आधी भरतं, तेव्हा आठवडाभरात कळवा.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, पोलराइज्ड गॉगल असेल तर शोधून ठेवा, पाण्यावरची चमक जाते आणि आतला मासा दिसतो. साधा काळा चष्मा चालत नाही.