पीसीओडी : आहारतक्त्याआधी दोन प्रश्न विचारा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच 'पीसीओडीला हरवणारा आहार' असा पानभर तक्ता आला होता. पीसीओडी, म्हणजेच डॉक्टरी भाषेत पीसीओएस, हा पाळीची आणि हार्मोनची घडी बिघडवणारा बायकांचा आजार. दुपारी पोळी-भाताविना जेवण, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप, साखर कायमची बंद. तक्ता कुणी केला ते छापलं होतं. तो कुणी पाळू नये, ते मात्र कुठेच नव्हतं. मी कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह सांभाळते. ते पान आमच्याकडे काही खोल्यांत भिंतीवर चिकटलं आहे, म्हणून हे पत्र.

तक्ता पाळणाऱ्या मुलीचा दिवस मला मेसच्या रजिस्टरवरून कळतो. नाश्त्याला खाडा, दुपारी काकडी आणि वाटीभर वरण, रात्री 'मावशी, माझं ताट वाढू नका'. रात्री काय झालं ते सकाळी केर काढणाऱ्या बाईंकडून कळतं. बिस्किटांचे मोठे पुडे, फरसाणाची पाकिटं, घरून आलेला लाडवांचा डबा एका रात्रीत रिकामा. एका मुलीने तर वेष्टणं उशीच्या अभ्र्यात कोंबून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही." दुसऱ्या दिवशी चतुर्थी नाही, सोमवार नाही, तरी तिचा कडक उपास!

याला आपण 'जिभेवर ताबा नाही' म्हणून मोकळे होतो. पण हा मनाचा आजार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 सालीच आपल्या आजारांच्या यादीत 'बिंज ईटिंग'ला, म्हणजे हात थांबत नाही अशा खाण्याला, स्वतंत्र जागा दिली. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये असं बिघडलेलं खाणं इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने 2023 मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांना या धोक्याची जाणीव ठेवायला सांगितलं आहे. वजन करण्याआधी रुग्णाची परवानगी घ्या, असंही त्यात आहे. आपल्याकडे बाहेर बाकावर बसलेल्या दहा जणींना ऐकू जाईल अशा आवाजात नर्स वजनाचा आकडा सांगते. त्याच सूचना असंही सांगतात की पीसीओएससाठी अमुकच आहार दुसऱ्यापेक्षा सरस आहे, असा पुरावा नाही. म्हणजे समतोल जेवा, हालचाल ठेवा, इतकंच. पोळी-भाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं कारण नाही.

मी डॉक्टर नाही आणि पथ्याच्या विरोधातही नाही. या आजारात बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नाही, मग ते रक्तात जास्त साठतं आणि अंडाशयाकडून पुरुषी हार्मोन जास्त तयार करवून घेतं. त्यातून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. तेव्हा खाण्याकडे लक्ष द्यायलाच हवं. पण उपाशी राहणं म्हणजे लक्ष देणं नव्हे. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. त्यांना दिवसरात्र जेवणाशिवाय काही सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर कित्येकांना खाणं आवरेना. त्यांना पीसीओएस नव्हता, लग्नाच्या बाजारातही कुणी उभं केलं नव्हतं. आमच्या मुलींच्या मागे ही दोन्ही लचांडं आहेत.

आणि आपल्या घरांत हे लपतंही किती सहज! मुलगी जेवली नाही तर आई काळजी करते, पण उपास आहे म्हटलं की कौतुक होतं. सोळा सोमवार, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस. त्यात एकादशीची भर. श्रद्धेने करणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एखादी मुलगी आठवड्यात चार उपास धरू लागली तर देवापेक्षा वजनकाट्याचा संशय घ्यावा. दिवाळीला घरी गेलेल्या मुलीला आत्या म्हणते, "बारीक झालीस गं, छान दिसतेस!" ती कशाने बारीक झाली, हे आत्याने विचारलेलं नसतं.

मुळात यातल्या किती जणींना हा आजार खरोखर आहे, हाही प्रश्नच आहे. पाळी पुढे गेली, सोनोग्राफी केली, अंडाशयात बारीक गाठी दिसल्या, पीसीओडीचा शिक्का बसला. त्या गाठी म्हणजे अर्धवट वाढलेले बीजकोष असतात आणि कोवळ्या वयात ते निरोगी मुलींतही दिसतात. त्यामुळे पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं तरी सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं वर उल्लेख केलेल्या सूचनांत लिहिलं आहे. आमच्याकडे अकरावीच्या मुली सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलला लावून येतात. सोबत चिठ्ठी, 'वजन कमी करा', आणि इन्सुलिनचं काम सुधारण्यासाठीच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. जेवणच नसल्यावर ती रिकाम्या पोटी जाते, मग मळमळ, आणि मळमळते म्हणून पुढचं जेवणही टळतं.

बारीक मुली तर या सगळ्यातून सुटूनच जातात. अंगाने सडपातळ असूनही पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणी असतात आणि त्यांच्या खाण्याबद्दल कुणालाच शंका येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. पीसीओडीच्या मुलीला आहारतक्ता देण्याआधी डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी, आईला जरा बाहेर बसवून, तिला दोन प्रश्न विचारावेत. मुद्दाम जेवण टाळतेस का? खायला बसलीस की थांबता येत नाही, असं होतं का? उत्तर 'हो' आलं तर तक्ता बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. जवळपास असा डॉक्टर नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

आपल्याकडेही एक मागणं आहे. यापुढे पुरवणीत आहारतक्ता छापाल तेव्हा हे दोन प्रश्न आणि हा क्रमांक त्याच पानावर, तक्त्याइतक्याच ठळक अक्षरांत छापा. या विषयावरचा पुढचा लेख आहारतज्ज्ञाबरोबर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडूनही लिहून घ्या.

मुलींची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं आणि वसतिगृहाचं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक रेक्टर, कोल्हापूर